दोघांत एकच लाइन

कंपनीच्या टेस्टरने सलाइनच्या पंपाची नळी चिमट्यात आवळून धरली, तरी मशीन गप्प. नळी तुंबली की त्याने ठणाणा करायला हवा होता. उद्या सकाळी हेच मशीन हॉस्पिटलात चाचणीला जाणार होतं, आणि ज्या खाटेला ते लागणार होतं त्या खाटेवर टेस्टरची आई होती.

दोष दुपारपर्यंत सापडला. मशीनमधला प्रिंटर आणि पंप, दोघांना मिळून इंटरप्टची, म्हणजे मशीनच्या मेंदूला हाक मारायची, एकच लाइन. ही साहेबांची काटकसर. लाइनवर हाक आली की प्रिंटरच्या ड्रायव्हरने, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या कोडने, बघायचं, आपल्या प्रिंटरची आहे का. नसेल तर पंपाच्या ड्रायव्हरकडे सोडायची. प्रिंटरवाल्याने लिहिलेला कोड मात्र ते बघतच नव्हता. येईल ती हाक 'माझीच, झालं काम' म्हणून तिथल्या तिथे मिटवायचा. पंप आत बोंबलून मेला तरी बाहेर पत्ता नाही.

कोड सगळ्यांच्या हाका आपल्या म्हणायचा; माणसं स्वतःच्याही घेईनात. प्रिंटरवाला म्हणाला, माझा प्रिंटर छापतोय. पंपवाली म्हणाली, हाक माझ्यापर्यंत आलीच नाही, मी काय तिला आणायला जाऊ? टेस्टर साहेबांकडे गेला.

"चार ओळींचं काम आहे साहेब. पण सगळ्या चाचण्या परत कराव्या लागतील. दोन दिवस."

"उद्या मशीन जातंय."

"त्या खाटेवर माझी आई आहे."

साहेबांनी जरा विचार केला. "मग बरंच झालं की. तू बसशीलच ना तिच्यापाशी?"

हॉस्पिटलात खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि आईचा इलाज त्याच नोकरीच्या विम्यावर. टेस्टर सकाळी सातपासून नळीवर डोळे लावून बसला. तीनदा नळी तुंबली, तीनदा त्याने हाताने मोकळी केली. लघवीलासुद्धा उठला नाही.

"अरे, माझ्याकडे बघ की जरा," आई म्हणाली. "आल्यापासून नळीकडेच बघतोयस."

"बोल तू, मी ऐकतोय," तो नळीला म्हणाला.

संध्याकाळी साहेब आले. मोठ्या सिस्टर खूश होत्या. जुनी मशीनं दिवसभर कोकलून डोकं उठवायची, याने एकदाही तोंड उघडलं नाही. चाळीस पाठवा म्हणाल्या. मग त्यांनी टेस्टरकडे बोट केलं.

"आणि हा माणूस? प्रत्येक मशीनबरोबर एक येतो ना?"

"येतो," साहेब म्हणाले.