दोघांची महागाई

वासणी बंदरात महागाई घरपोच मिळते आणि सही केल्याशिवाय ती कुणाला लागू होत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला भाववाढ खात्याचा माणूस माणशी एक निळी चिठ्ठी आणतो. जो सही करतो, त्याच्यापुरते भाव वाढतात. सही टाळता येते, पण तीन वर्षं चिठ्ठी पडून राहिली की गावाच्या यादीतून नाव जातं. नाव गेलेल्याला वासणीत राहता येत नाही आणि मेल्यावर जाळतही नाहीत.

भिकाजी घाग चोवीस वर्षं बहारीनला वेल्डर होता. सुट्टीवर यायचा तो पाहुण्यासारखा. बाजारहाट बायको करायची. या खेपेला तो कायमचा परतला आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन रज्जाकशेटच्या दुकानात गेला.

रज्जाकशेटने वही पाहून सांगितलं, "नारळ पाच रुपये."

भिकाजी खूश झाला. बहारीनमधली माणसं गावाकडच्या महागाईच्या नावाने उगाच रडत होती, असं त्याला वाटलं. एवढ्यात शेजारच्या दत्तारामने त्याच ढिगातला नारळ उचलला. रज्जाकशेटने त्याचे पस्तीस घेतले. मागोमाग भिकाजीची बायको द्वारका आली. तेल आणायचं तिने सांगितलं होतं, ते भिकाजी विसरेल याची तिला खात्री होती. तिनेही एक नारळ घेतला. तिला पासष्ट पडले. तिने मुकाट्याने दिले.

"हिला पासष्ट कसे?" भिकाजीने विचारलं.

"काका, वहीत असतं ते मी सांगतो. माझ्या मनाने भाव लावत नाही," रज्जाकशेट म्हणाला.

घरी आल्यावर द्वारका विळीवर नारळ खवायला बसली. भिकाजी उभाच राहिला.

"दत्तारामला पस्तीस, तुला पासष्ट. का?"

"दत्ताराम एकट्याची सही करतो."

"आणि तू?"

"तुमच्या चिठ्ठ्या पण यायच्या ना! परत पाठवल्या असत्या तर नाव गेलं असतं. मग आला असतात कुठे?"

आपण घर चालवतो, असं भिकाजी बहारीनमध्ये चोवीस वर्षं सगळ्यांना सांगत आला होता.

"उद्या ऑफिसात जाऊ," तो म्हणाला. "माझी महागाई मला परत पाहिजे."

"राहू द्या. माझ्या अंगवळणी पडलीय."

"माझ्याही पडेल."

भाववाढ खात्यातले खेराडे साहेब समजूतदार होते. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं.

"परत घेता येते," ते म्हणाले. "पण सगळी एकदम घ्यावी लागते आणि आयुष्यात एकदाच. काका, नीट विचार करा. मागे एकाने सात वर्षांची एकदम घेतली. आठवडाभर चहाला शिवला नाही तो. तुमचं वय सदुसष्ट. काकू सांभाळतायत तर पाच रुपयांत नारळ खा आणि आराम करा."

"बायकोच्या जिवावर नारळ खाणारा वाटलो काय मी तुम्हाला?"

"नाही नाही. तसं नाही." खेराड्यांनी कपाट उघडून गठ्ठा काढला. "दोनशे अठ्ठ्याऐंशी आहेत. अंगठा चालेल."

"चौथी पास आहे मी. पेन द्या."

भिकाजीची सही म्हणजे पूर्ण नाव असे, एकेक अक्षर जोखून काढलेलं. अकरा वाजता तो बसला. द्वारका एकेक चिठ्ठी सरकवत गेली. खेराडे जेवून आले, तेव्हा अजून दोनशे बाकी होत्या. चारच्या सुमारास बोटं सुजली आणि घाग हे आडनाव कागदाबाहेर जाऊ लागलं. खेराड्यांनी ते चालवून घेतलं.

परत जाताना दोघं दुकानात थांबली. रज्जाकशेटने वही पाहिली. नारळ त्याला पस्तीस, तिला पस्तीस.

"महाग आहे," भिकाजी म्हणाला आणि मान ताठ ठेवून सत्तर रुपये मोजले.

पाच तारखेला खेराड्यांचा माणूस आला. त्याने ओट्यावर दोन चिठ्ठ्या ठेवल्या. भिकाजी चष्मा आणायला आत गेला. बाहेर येऊन पाहतो तर दोन्हींवर सह्या झालेल्या.

"ही माझी होती."

"हात गेला," द्वारका म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

"मग चष्मा वेळेवर शोधत जा ना! तो काय तुमच्यासाठी थांबणार?"

"आता परत मिळत नाही हो," तो माणूस म्हणाला आणि चिठ्ठ्या घेऊन पुढच्या घरी गेला.

त्या दिवसापासून नारळ भिकाजीला पस्तीस आणि द्वारकेला सदतीस झाला.

पुढच्या पाच तारखेला उजाडायच्या आधी तो ओट्यावर येऊन बसला. चष्मा नाकावर होता, पेनाचं टोपण काढलेलं होतं. केर काढायला द्वारका बाहेर आली.

"आत जा," भिकाजी म्हणाला. "या महिन्यात दोन्ही माझ्या."