शंकरभाऊजींचं ‘पहा’

आमचे शंकरभाऊजी चहालासुद्धा सरळ ‘हो’ म्हणत नाहीत. "चहा, पहा: साखर," म्हणतात. म्हणजे घरात साखर असली तरच टाका. गुडघ्याची चौकशी करावी, तर "गुडघा, पहा: तुमचा जिना."

ही खोड ग्रंथालयाची. महाडात आमच्या माडीवर त्यांनी फक्त पूर आणि दरडींचं ग्रंथालय मांडलंय. नकाशे, अहवाल, भिजून फुगलेले फोटो. माडीवर का, तर खाली ठेवलेली पुस्तकं सावित्री नदी एकदा पुरात वाचून गेली.

मुंबईहून विषयांची छापील यादी आणली होती. तिच्यात आमचं सगळं मरण ‘आपत्ती’ या एका शब्दात कोंबलेलं. ती आता टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली आहे. विषय भाऊजी ठरवतात, माझं अक्षर बरं म्हणून सूचीची कार्डं मी लिहिते.

"वैनी, एका गोष्टीला एकच नाव. बाकीच्यांनी तिकडं बोट दाखवायचं."

"अहो, आमच्यात दरड कोण म्हणतं? डोंगर आला म्हणतात."

"मग लिवा. डोंगर आला, पहा: दरड."

गावांनाही तोच नेम. गाव उठलं की नव्या जागेचं नाव खरं, जुन्यापुढं ‘पहा’. धरणात गाव गेलेले एक आजोबा भांडायला आले, "माझ्या गावाला मागं का टाकलंस रे?"

"आजोबा, पत्र कुठं येतं तुमचं? मग झालं तर!"

म्हातारा आल्या पावली जिना उतरला.

आंबेवाडीच्या कागदांचं पाकीट मात्र दर वेळी ढिगाच्या तळाशी जायचं. पोलादपूरकडची वाडी. एका सकाळी डोंगर खाली आला. वाचलेली माणसं आता रस्त्याकडेच्या वसाहतीत राहतात. भाऊजींची धाकटी बहीण कुसुम त्या वाडीत दिलेली. ती सापडलीच नाही.

परवा ते पाकीट त्यांनी आपणहून काढलं. "लिवा. नेम तो नेम."

मी लिहिलं, ‘आंबेवाडी, पहा: नवी वसाहत’. भाऊजी कार्ड हातात धरून बसले.

"कुसुम तिकडं गेली नाय ओ, वैनी."

मी दुसरं कार्ड घेतलं. नुसतं ‘आंबेवाडी’ लिहिलं. "पुढं काय?"

"पुढं काय नको. तिथंच हाय ती."

मी उठले. "चहा टाकते."

"टाका," एवढंच म्हणाले.

मी जिन्यात पोचते तोवर मागून हाक आली, "वैनी, त्या धरणवाल्या आजोबांचं कार्ड कुठं ठेवलंय?"