गुंडूअण्णांचं खिळ्यांसकट बिऱ्हाड

"डिस्क पुसून टाकू, अण्णा. कोरा करकरीत कॉम्प्युटर होईल," असं मी म्हणालो आणि गुंडूअण्णांनी माझ्यापुढचा चहाचा कप उचलून आत नेला. अर्धा चहा त्यात शिल्लक होता.

गुंडूअण्णा आमचे मळमड्डीतले शेजारी. हुबळीच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान पुतण्याकडं सोपवून वर्षापूर्वी बायकोला, नलिनीकाकूंना, घेऊन इथं राहायला आले. येताना तिथल्या कमरीपेठेतल्या घराच्या भिंतीतले खिळेसुद्धा उपटून आणले आणि फूटपट्टीनं मोजून इथल्या भिंतीत त्याच उंचीवर ठोकले. किल्लीचा खिळा, पिशवीचा खिळा, छत्रीचा खिळा. मी हसलो, तर म्हणाले, "निधान हस की रे, घाई काय आहे?" निधान म्हणजे सावकाश. रिक्षावाल्याला निधान, पोस्टमनला निधान, कुकरच्या शिट्टीलासुद्धा निधान.

परवा वीज कडाडली आणि त्यांच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी काढतो, एवढ्या भांडवलावर गल्लीत माझी तज्ज्ञ म्हणून ख्याती आहे. त्यामुळं बोलावणं मलाच आलं.

"बोर्ड नवा घाल. डिस्क जुनीच. आतलं काही हलता कामा नये."

"फायली कॉपी करून ठेवतो की, अण्णा."

"फायलींचं कोण बोलतंय? जागा! जागा हलता कामा नयेत."

"कसल्या जागा?"

"तू बसव की आधी. निधान."

डोकं चालेना. तरी बोर्ड बसवला, जुनी डिस्क जोडली. काळ्या पडद्यावर अक्षरं आली : डिस्क सापडत नाही. डिस्क माझ्या हाताला लागत होती, मशीनला सापडत नव्हती. अण्णा माझ्याकडं बघत होते, मी वायरींकडं. शेवटी सेटिंगमध्ये शिरून 'जुन्या पद्धतीनं सुरू हो बाबा' असं त्याला पटवलं. मग पडद्यावरचं चक्र बराच वेळ नुसतं गोल फिरत बसलं. तेवढ्यात अण्णा दोनदा देवाला हात जोडून आले.

पडदा उजळला. सगळं होतं. फक्त सगळे आयकॉन डावीकडं रांग लावून उभे होते, रेशन घ्यायला आल्यासारखे.

"यप्पा!" अण्णा मटकन बसले. "गेलं की रे सगळं!"

"अहो, आहे की सगळं!"

अण्णा उठले. आतून फूटपट्टी आणली, पडद्यावर धरली आणि एकेक आयकॉन ओढून बसवायला लागले. "हे वर, कोपऱ्यात. हे चार बोटं खाली." म्हातारपणी असं होतं म्हणे, असा विचार करून मी वायरी गुंडाळायला लागलो.

"नलू, ये ग," त्यांनी हाक मारली.

नलिनीकाकू आल्या. भिंतीवरून बोटं फिरवत. किल्लीचा खिळा, पिशवीचा खिळा, मग खुर्ची. बसून त्यांनी माऊस पार वरच्या उजव्या कोपऱ्यात ढकलला, जरासा खाली ओढला आणि दोनदा दाबला. कॉल लागला आणि त्यांची बेंगळूरची लेक पडद्यावर आली.

"अगं, सुरू झाला बघ आमचा!" काकू हसल्या. लेकीचा चेहरा समोर होता, काकू त्याच्या जरा बाजूला बघून हसत होत्या. अण्णा पडद्याकडं बघतच नव्हते. ते काकूंकडं बघत होते.

दाराशी येऊन मला म्हणाले, "रंगांचे डाग तेवढे दिसतात तिला. कमरीपेठेतच सुरू झालं होतं. पण जागा हाताला पाठ आहेत बघ." आणि आत जाऊन काठोकाठ भरलेला कप घेऊन आले.

वर्षभर त्या घरात मी चहा पितोय.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बोर्ड कसा बसवला, तेही जरा रंगवून सांगितलं. ऐकता ऐकता ती टेबलावर, कपाटावर हात फिरवून काहीतरी शोधत होती. मग म्हणाली, "ते राहू दे. सकाळी माझा चष्मा उचलून कुठं ठेवलात, ते सांगा."