तिच्या मधोमध काळं आहे

निवृत्त मेट्रनबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीकडे निघाल्या आणि दाराशीच थबकल्या. गॅलरीत त्यांची सून फोनवर कुणाला तरी सांगत होती,

"प्रचंड मोठी आहे ती! गोल, पण जराशी लांबट. म्हातारी. आजूबाजूच्या लहानसहान सगळ्यांना गिळत गिळत एवढी झालीय. वरून शांत दिसते, पण रेडिओ लावला की कळतं आत काय थयथयाट चाललाय! आणि मधोमध काळंकुट्ट."

मेट्रनबाईंच्या हातातली बादली खाली टेकली. रेडिओसुद्धा! कालच बातम्या ऐकताना त्या निवेदकाशी कडाकडा भांडल्या होत्या, तेही हिनं टिपलं तर!

सून कामावर निघून गेली. बत्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई रडत बसणार नव्हती. गिळलं म्हणते काय? मुलाच्या खोलीत आपलं एक लोखंडी कपाट घुसलंय खरं. ते आज, आत्ता बाहेर!

त्यांनी पदर खोचला आणि कपाट ओढलं. दारात ते तिरकं झालं आणि असं घट्ट बसलं, की पुढेही जाईना, मागेही. आत मुलगा दाढी करत होता.

"आई, हे काय?"

"गिळलेलं परत काढतेय."

"काय गिळलं? मला बाहेर कसं यायचं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोचा पेन ड्राइव्ह टेबलावर राहिला होता आणि अकराला तिचं संस्थेत व्याख्यान होतं.

"दे इकडे, मी नेते," मेट्रनबाई म्हणाल्या. "मलाही तिथं चारचौघांत दोन शब्द बोलायचेच आहेत."

कपाटावरच्या फटीतून पेन ड्राइव्ह बाहेर आला. वाटेत त्यांनी सुताराला घरी पिटाळलं आणि संस्थेच्या दारात पेन ड्राइव्ह देतानाच बजावलं, "पहिला प्रश्न माझा. नाव लिहून घ्या."

पहिल्या रांगेत त्या ताठ बसल्या. दिवे मंदावले. पडद्यावर धुरकट, लांबट गोळा उमटला.

"ही दीर्घिका," सून म्हणाली, "म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा. प्रचंड मोठी आहे ती. गोल, पण जराशी लांबट..."

पुढचं सगळं मेट्रनबाईंना पाठ होतं. फक्त मधोमधचं काळं म्हणजे कृष्णविवर निघालं. त्याच्या जवळून दोन झोत दोन बाजूंना सुटत होते, रेडिओ दुर्बिणीनं टिपलेला तो थयथयाट त्यांचाच. मेट्रनबाई खुर्चीत हळूहळू खाली सरकल्या. आता कुणाला न दिसता सटकावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण टाळ्या संपल्या आणि माईक थेट त्यांच्या हातात आला. "पहिला प्रश्न आजींचा!"

सभागृह वळून बघायला लागलं. माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"त्या... त्या काळ्याचं वजन किती?"

"तीनशे कोटी सूर्यांएवढं, आई," सून कौतुकानं म्हणाली.

"अगं बाई! आणि हिचं नाव काय?"

"नाव नाही. यादीतला नुसता एक आकडा."

"छे, छे, नाव आहे की!" संचालक खुशीत पुढे झाले. "ऑफिसात आम्ही सगळे तिला 'सासूबाई'च म्हणतो. मॅडमनीच ठेवलंय!"

सभागृहात हशा उसळला. सुनेच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका पडद्यावरून छतावर, छतावरून संचालकांच्या टकलावर गेला आणि तिथंच थरथरत राहिला.

मेट्रनबाईंनी माईक सोडला नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

"आणखी एकच विचारते. त्या आजूबाजूच्या लहानसहान सगळ्या हिच्याभोवतीच फिरतात ना?"

"हो," सून पुटपुटली. "हिच्याभोवतीच."

"मग राहू दे तेच नाव," मेट्रनबाई म्हणाल्या आणि ऐसपैस खाली बसल्या.