खुर्चीत बसेल त्यालाच प्रवेश

घर किती सुरक्षित आहे हे आत काय आहे यावर नव्हे, तर बाहेर कोण उभं आहे यावर ठरतं. जे घर स्वतःच्या मालकालाही बाहेर उभं करतं, त्याच्या सुरक्षेला तोड नाही.

शहरभरच्या दवाखान्यांचे रिपोर्ट क्लाउडवर सांभाळणारी ती कंपनी या उंचीला पोचली ती कुलूपदादामुळे. हा तिथला सुरक्षा अधिकारी: कुरळ्या केसांचा, हळव्या मनाचा, लग्न तोंडावर आलेला. त्यानं नियम केला की, क्लाउडच्या कारभारात फक्त ऑफिसच्या इंटरनेट-पत्त्यावरूनच शिरता येईल.

मग ऑफिस हललं. टेबलं आली, कुंड्या आल्या, पाण्याचा फिल्टर आला. इंटरनेटची लाइन तेवढी जुन्या भिंतीत राहिली. तिथं सलून निघालं आणि लाइन, पत्त्यासकट, सलूनवाल्याकडे गेली. आता नवा पत्ता यादीत घालायचा, तर जुन्या पत्त्यावरूनच आत शिरायला हवं. (ही अटही दादाचीच. तिला बक्षीस मिळालं होतं.)

"वायफाय गिऱ्हाइकाला," सलूनवाला म्हणाला. "आणि गिऱ्हाईक म्हणजे खुर्चीतलं. बाकड्यावरचं नाही."

दादा रोज खुर्चीत बसू लागला. मांडीवर लॅपटॉप, वर पांढरं कापड. कपाळावरची बट सोमवारी गेली, कानामागची मंगळवारी. बुधवारी वारा मानेवरून गेला तो थेट, न विचारता.

होणारी बायको फोनवर बघून म्हणाली, "अहो, रोज थोडे थोडे कुठं चाललात?"

"नवा पत्ता मंजूर झाला की थांबतो गं."

पण मंजुरीला माणसं दोन लागत, एकाच वेळी. दुसरे म्हणजे साहेब. साहेबांना टक्कल होतं, सविस्तर. सलूनवाल्यानं त्यांच्याभोवती एक फेरी मारली.

"साहेब, इथं मला काही काम दिसत नाही."

"नुसतं बसू दे की!"

"काम न करता खुर्ची देत नाही मी. मिशी आहे म्हणा."

मिशी जुनी होती. घरात साहेब गप्प असत, वचक तिचा असे. उपसमिती बसली, मिशी ही पुन्हा निर्माण होणारी साधनसंपत्ती ठरली. (मतदान: तीन विरुद्ध मिशी.)

"साहेब, एकच बट उरलीय," दादानं हात जोडले. "लग्न रविवारी आहे."

साहेब विरघळले. शेजारच्या खुर्चीत डोळे मिटून बसले. इकडं मिशी गेली. तिकडं, खुर्चीचा नियम म्हणून, दादाची शेवटची बटही गेली. दोघांनी एकदम बटण दाबलं. मंजुरीआधी यंत्रानं चेहरे तपासले आणि दोघांनाही ओळखलं नाही. चेहरे पूर्ववत होईपर्यंत दोन्ही खाती बंद. त्याच क्षणी कारभारात शिरू शकणाऱ्यांची संख्या शून्यावर आली आणि सुरक्षा शंभर टक्क्यांवर पोचली. कंपनीनं पेढे नाही, पण प्रमाणपत्रं वाटली.

रविवारी दादा गुळगुळीत डोक्यानं मांडवात उभा राहिला, जीव मुठीत धरून. तिनं लांबूनच ओळखलं, एका नजरेत, दुसऱ्या मंजुरीवाचून. (तज्ज्ञ ही पद्धत असुरक्षित मानतात.)

तुमचे रिपोर्टही तिथंच आहेत, अगदी सुखरूप. साहेबांची मिशी वाढेपर्यंत ते तुम्हालाही मिळणार नाहीत, हे करारात स्वच्छ लिहिलं होतं. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच तुम्ही 'मला मान्य आहे' दाबलंत, अशी नोंद आहे.