फॉरेन उमेशची प्रवेश परीक्षा

लोणारच्या बसस्टँडसमोर आलुबोंडा मागितला की उमेश प्लेट लगेच हातात देत नाही. आधी ती गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतो आणि गंभीर चेहऱ्याने विचारतो, "याच्यात डिग्री कुठं लागली, सांगा." गिऱ्हाईक नवखं असेल तर गोंधळून आलुबोंड्याकडे बघतं. जुनं असेल तर "चटनीत" म्हणतं आणि प्लेट ओढून घेतं.

गावात उमेश बरेच, म्हणून याला फॉरेन उमेश म्हणतात. इंग्लंडमधून टुरिझम मॅनेजमेंटची एम.एस्सी. करून हा गडी वडिलांच्या नाश्त्याच्या हॉटेलात कढईमागे उभा राहिला, तो अजून तिथेच आहे. तिकडे मीही त्याच्याच वर्गात होतो. मी मेहकरचा, आणि सध्या तिथल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. त्यामुळे कोणी कोणाला हसायचं हा प्रश्न आमच्यात कधीच मिटलेला आहे. सुट्टीच्या दिवशी मी बस धरून त्याच्याकडे येतो आणि फुकट खातो.

उमेशला पदवी विद्यापीठाने नंतर दिली, लोणारच्या फ्लेक्सवाल्याने आधी. तो निघाला तेव्हा त्याच्या वडिलांनी, रामभाऊंनी, चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावला. शर्टातला फोटो उठून दिसेना, म्हणून फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवरच त्याला काळा गाऊन आणि गोंड्याची टोपी चढवली. "तिथंच थांबाले पाह्यजे होतं," उमेश म्हणतो. "गाऊन बी झाला होता, फोटो बी झाला होता. खाली-पिली पुढं गेलो."

तिकडे दुसऱ्या सेमिस्टरला आमच्या बाईंनी पडद्यावर एक गोल तळं दाखवलं. जगातलं दुर्मीळ विवर, उल्का आदळून झालेलं, भारतात आहे, तिथे कोणी गेलं आहे का? उमेशने हात वर केला. कितीदा गेलास, असं बाईंनी कौतुकाने विचारलं. हा म्हणाला, शाळा बुडवली की दरवेळी. मग बाईंनी आम्हा दोघांना लोणारच्या पर्यटनावर निबंध लिहायला सांगितला. अट एकच, प्रत्येक विधानाला छापील संदर्भ हवा. उमेशने लिहिलं, पावसाळ्यात खाली उतरायची वाट निसरडी होते. बाईंनी समासात विचारलं, संदर्भ? याने उत्तर पाठवलं, स्वतः घसरलो. मार्क कापले गेले. मी परदेशी लेख चाळून निबंध पाडला आणि त्याच्याहून बरे मार्क मिळवले. मेहकरहून लोणार तासाभरावर आहे, पण मी तोवर सरोवर धड पाहिलेलंही नव्हतं.

अशा माणसाकडे लोक सल्ला मागायला येतात, याचं मला अजूनही नवल वाटतं. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, पार चिखलीकडचे आईबाप पोराला इस्त्रीचे कपडे घालून घेऊन येतात. बाहेर पाठवावं का? उमेश आधी चहा पाजतो. मग पोराला मागच्या मोरीवर नेऊन खरकट्या प्लेटांचा ढीग दाखवतो.

"धू."

"आमच्या पोरानं घरी पान्याचा गिलास उचलला नाही कधी," एक गृहस्थ रागावून म्हणाले होते.

"मंग आज उचलू द्या. तिथं पह्यलं सेमिस्टर याच्यातच जाते."

निकाल तो प्लेट उन्हात धरून लावतो. तेलकट राहिली असेल तर, "बुडाशी तेल हाय. नोको जाऊ." लख्ख निघाली असेल तर, "चांगली धुते. पन हे त इथं बी धुता येते. नोको जाऊ." या परीक्षेत आजवर कोणी पास झालेलं नाही. पोरं तरीही जातात.

यंदा मात्र पंचाईत घरातच झाली. उमेशची धाकटी बहीण रुपाली हिला इंग्लंडमध्ये प्रवेश मिळाला. रामभाऊंनी हात वर केले. "उमेश म्हनन तसं. तो जाऊन आला, त्याले माहीत." आणि जगाला नको म्हणणारा उमेश याच वेळी गप्प बसला. होकाराची मुदत जवळ आली तरी हा नुसता बेसन फेटत होता. रुपालीने मला फोन केला. "दादाले समजावून सांगा ना. हो म्हन, नाही त नाही म्हन, पन तोंड त उघड."

मी गेलो ती दुपारची निवांत वेळ होती. चटणीच्या डब्याला टेकवून उमेशचा फोन उभा होता आणि फोनमध्ये कोणीतरी एक पोरगा स्वेटर घालून बसला होता. बोलत काहीच नव्हता. उमेशही त्याच्याकडे बघत नव्हता. तो भजी सोडत होता, तेल चरचरत होतं, एक म्हातारे बाबा मिरची तिखट नाही म्हणून कुरकुरत होते. ते जाताजाता फोनकडे वाकून म्हणाले, "जेवला काय बे?" पोरगा म्हणाला, "हाव आजोबा." मग बाबा बस पकडायला गेले.

"हा कोण?" मी विचारलं.

"चिखलीचा. मागच्या साली प्लेटा धुऊन गेला."

"तू तर त्याला जाऊ नको म्हणाला होतास."

"जायच्या आधी म्हनलो. गेल्यावर म्हनून काय फायदा?" त्याने झारा निथळला. "त्याले बोलायचं नसते. मानसायचा आवाज पाह्यजे असते. दुपारी हा असते, संध्याकाळी नांदुऱ्याची एक पोरगी असते. ते लय रडते. तिले मी कढईजवळ ठेवत नाही, गल्ल्याजवळ ठेवतो. तिकडं गिऱ्हाईक जास्त बोलते."

इतक्या वर्षांच्या ओळखीत मी उमेशला ओळखत नव्हतो, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. पण मी रुपालीच्या कामाने आलो होतो. पोराचा फोन बंद झाल्यावर मी विषय काढला.

"ते जाईल. मायाहून हुशार हाय," तो म्हणाला.

"मग रामभाऊंना सांगत का नाहीस? अडलंय कुठे?"

त्याने गॅस बारीक केला.

"तू तिथं तुया मावसभावाकडं राहत होता. मी एकटा होतो. मी घरी फोनच करत नव्हतो बे. मायचा आवाज आला की रडू येत होतं, म्हनून मेसेज टाकायचो, बिझी हाय, मजेत हाय. बाबा अख्ख्या गावाले सांगत फिरले, पोरगा लय बिझी हाय." त्याने झारा खाली ठेवला. "या पोरायचं सोपं हाय. ते मायासंग बोलतात, कारन मी त्यायच्या घरचा नाही. रुपाली घरची हाय. ते बी मजेत हाय म्हनन. मंग मले इथं कसं समजन?"

आमच्या मागे रुपाली केव्हा येऊन उभी राहिली होती, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"मी रोज फोन करीन, दादा," ती म्हणाली.

"रडू आलं तरी?"

"रडू आलं तरी."

उमेशने मान डोलावली. हात पुसले, पुन्हा पुसले, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मंग जाय. बाबाले सांग, मी हो म्हनलो."