कोंडाबाई घुशीला किती गुण मिळाले

एका जंगलात, बाळांनो, पाणी संपलं आणि त्याच आठवड्यात एक खेळ आला.

पाणी का संपलं ते सांगायला नको. पाऊस पडला नाही. खेळ कसा आला ते सांगतो. एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेला निघालेला ट्रक घाटात कलंडला, आणि त्यातली व्हिडिओ गेमची एक उंच, रंगीत पेटी घरंगळत जंगलात आली. ती विजेशिवाय चालायची. कशी, ते विचारू नका. बोधकथेत वीज जात नाही.

त्या जंगलात कोंडाबाई नावाची घूस राहत होती. वयानं पोक्त, अंगानं भरलेली, आणि खणण्यात सगळ्यांच्या पुढं. नुसती माती हुंगून ती सांगायची, इथं मुरूम आहे, इथं कातळ आहे, इथं कुणाची तरी पोरं निजलीत, जरा वळसा घाला. तिची आई खणायची, आजी खणायची. हे काही विशेष आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिलाही तसं कधी वाटलं नव्हतं.

ओढा आटला तेव्हा ती सिंहमहाराजांकडे गेली.

"महाराज, ओढ्याकाठच्या उंबराखाली पाणी आहे. शेजारी वारूळ पण आहे, म्हणजे नक्कीच आहे. आठ दिवस द्या, विहीर पाडते."

महाराजांचा घसा कोरडा पडला होता. ते "बरं" म्हणणारच होते. पण शेजारी कोल्हा उभा होता. कोल्हा प्रधान होता, आणि नुसतं "बरं" म्हणून काम होऊ लागलं तर प्रधान कशाला लागतो?

"आपल्याला खणता येतं असं ही म्हणते," कोल्हा म्हणाला. "पण कुणी मोजलंय?"

कुणीच मोजलं नव्हतं.

"त्या पेटीत खणण्याचाच खेळ आहे, महाराज. गुण आपोआप पडतात. वशिला नाही, पक्षपात नाही. दहा हजार गुण मिळाले की उत्तीर्ण. ज्याचे सगळ्यात जास्त, त्यानं विहीर खणायची."

महाराजांना पेटी आवडायची. ती टिंगटिंग वाजायची. त्यांनी हुकूम काढला.

आता खेळ कसा खेळायचा ते नीट ऐका. पुढं उपयोगी पडेल.

पडद्यावर जमीन दिसते. वर पिवळी माती, मग तांबडी, तळाला काळपट. तिच्यात एक छोटा माणूस असतो. दांडी जिकडं ढकलाल तिकडं तो खणत जातो आणि मागं बोगदा राहतो. मातीत जागोजागी राक्षस बसलेले असतात. लाल असतात ते नुसते अंगावर येतात. हिरवे आडवी आग ओकतात, म्हणून त्यांच्यावर समोरून जायचं नाही, वरून नाहीतर खालून जायचं. राक्षस शिवला की माणूस मेला. पण काळजी नको, माणसाला तीन जीव असतात.

माणसाजवळ पंप असतो. बटण दाबलं की नळी राक्षसाला जाऊन लागते. चारदा हवा भरली की राक्षस फुगून फुटतो. मध्येच थांबलात तर तो पुन्हा बारीक होतो आणि तुमच्या मागं लागतो. म्हणून दया दाखवायची नाही. जितक्या खोलात फोडाल तितके गुण जास्त.

आणि खरी युक्ती दगडाची. दगडाखालची माती काढायची आणि पटकन बाजूला सरकायचं. दगड जरासा हलतो, मग कोसळतो. मागून धावत येणारे राक्षस त्याच्याखाली चिरडतात. एका दगडाखाली एक सापडला तर बरं, तीन सापडले तर फारच बरं. असे दोन दगड पाडले की मधोमध गाजर उगवतं. ते खाल्लं की आणखी गुण.

समजलं? कोंडाबाईलाही समजलं. पण समजणं आणि पटणं यांत फरक असतो.

परीक्षेला सगळं जंगल जमलं. कोंडाबाईनं दांडी धरली. छोटा माणूस सरळ, सुबक बोगदा पाडत खाली निघाला. वर दगड दिसताच ती थांबली.

"प्रधानजी, टेकू द्यायला लाकूड कुठं मिळेल?"

"कशाला?"

"दगड आहे वर. टेकू न देता खाली खणलं तर पडेल की."

"पडायलाच पाहिजे! त्याचेच गुण असतात!"

कोंडाबाईला हे खरं वाटलं नाही. तिनं दगडाला वळसा घातला. तेवढ्यात समोरून लाल राक्षस आला. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. जमिनीखाली अशीच रीत असते. समोरून कुणी आलं की अंग चोरून वाट द्यायची.

"पंप लावा!" कोल्हा ओरडला.

"अहो, घर त्याचं आहे. आत तर आपण शिरलोय."

राक्षसानं छोट्या माणसाला खाल्लं. असं तीनदा झालं. कोंडाबाईला साठ गुण मिळाले. तेही खणलेल्या मातीचे.

नंतर झुंबर माकड आला. पाय मळतात म्हणून हा झुंबर कधी जमिनीवरसुद्धा उतरत नसे. पण पेटी आल्यापासून तो तिच्यासमोरच्या फांदीला लोंबकळत दिवसभर हेच करत होता. त्यानं दगड पाडले, राक्षस फोडले, गाजरं खाल्ली. चौसष्ट हजार गुण! महाराजांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. झुंबरच्या गळ्यात 'मुख्य खननाधिकारी' असा बिल्ला आला.

कोंडाबाईला माती वाहायला ठेवलं.

झुंबरनं काम मनापासून केलं, हे सांगायलाच हवं. त्याला खणण्याचा एकच प्रकार येत होता आणि तो त्यानं केला. चार ससे हाताशी घेऊन त्यानं उंबराखाली आडवे बोगदे पाडले. सरळ खाली कुठंच नाही. ट्रकच्या सामानात सापडलेला सायकलचा पंप त्यानं खांद्याला लावला होता.

तिसऱ्या दिवशी हत्तीच्या डोक्याएवढा धोंडा लागला.

"याच्याखाली खणा," झुंबर म्हणाला. "खालून कुणी आलं की बरोबर सापडेल."

"खालून कोण येणार आहे, साहेब?" कोंडाबाईनं विचारलं.

"येतात, मावशी. नेहमी येतात."

"टेकू तरी लावू द्या."

"टेकूचे गुण नसतात."

ससे हळूच बाहेर सटकले. मग झुंबर स्वतःच आत शिरला. धोंड्याखालची माती त्यानं भराभर उपसली आणि पुढं सरकला. तिथं एक घोरपड झोपली होती. तिचे आजेसासरे त्या बिळात वारले होते, इतकी ती तिथली जुनी. झुंबरनं तिला पाहिलं. हिरवट होती. त्यानं नियमाप्रमाणं समोरून जायचं टाळलं आणि बाजूनं जाऊन तिच्या तोंडाला पंप लावला.

घोरपडीला पंप लावल्याची ही जगातली पहिलीच वेळ असावी. तिनं नळी चावून तोडली आणि शेपटीचा असा फटका दिला, की झुंबर आला त्या वाटेनं उलटा गेला. वर धोंडा जरासा हलला. मग कोसळला.

झुंबर वाचला. शेपटी धोंड्याखाली अडकली, आणि तो आत, काळोखात, एकटा राहिला.

"साहेब, जिवंत आहात ना?" बाहेरून कोंडाबाईनं हाक मारली.

"अजून दोन जीव आहेत माझे," आतून आवाज आला. थोड्या वेळानं तोच आवाज बारीक झाला. "मावशी, आहेत ना हो?"

कोंडाबाई खणायला लागली. वरून गेली तर धोंडा आणखी खचेल, म्हणून तिनं खालून वाट काढली. जिथं माती कच्ची, तिथं उंबराच्या फांदीचा टेकू दिला. भिंत फुटून पलीकडं घोरपड दिसली तेव्हा थांबून म्हणाली, "वैनी, जरा तुमच्या अंगणातून जाते हं." घोरपड बाजूला झाली. सूर्य कलेपर्यंत कोंडाबाई झुंबरपाशी पोचली. त्याची शेपटी निम्मी सुटली, निम्मी राहिली. त्याला ओढून मागं वळते तोच तिच्या पायाखालची माती ओली लागली. मग चिखल झाला. मग पाणी आलं. गार, गोडं, नितळ पाणी.

जंगल नाचू लागलं. महाराज तोंड घालणार, एवढ्यात कोल्ह्यानं पुढं होऊन विचारलं, "हे पाणी कुणी काढलं?"

"कोंडाबाईनं!" सगळे ओरडले.

"गुण किती आहेत तिचे?"

नाच थांबला.

"साठ," कोल्हा म्हणाला. "महाराज, हे पाणी अनुत्तीर्ण आहे. आज हे प्यायलो तर उद्या कुणीही उठून पाणी काढील."

महाराजांना मुद्दा पटला. तहान लागलेल्याला पटू नये, पण राजाला पटतो. विहिरीभोवती काटेरी कुंपण पडलं आणि दोन तरस पहाऱ्याला बसले. जनावरं कुंपणाबाहेर उभं राहून पाणी बघू लागली. दुसऱ्या दिवशी हरणांची पाडसं उभ्याउभ्या मटकन खाली बसायला लागली.

कोंडाबाई कोल्ह्याकडं गेली. "यावर उपाय काय?"

"फेरपरीक्षा," कोल्हा म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. "उत्तीर्ण व्हा, म्हणजे पाणीही उत्तीर्ण होईल. नियम माझ्यासाठीही तोच आहे, कोंडाबाई."

तिला शिकवायला झुंबर आला. शेपटीला पाला बांधला होता. पहिल्यांदाच तो जमिनीवर तिच्याशेजारी बसला.

"मावशी, ते राक्षस खरे नाहीत."

"वाट अडवतात ते कुणीतरी असणारच की."

"नाहीत. मी आत अडकलो होतो ना, तेव्हा कळलं. खरं आत असतं ते वेगळं. तिथं मला एक क्षणही राहवेना." त्यानं शेपटीवरचा पाला घट्ट केला. "तुम्ही जमिनीत जमिनीचं करा, पेटीत पेटीचं. पाडसांकडं बघा आणि बटण दाबा."

कोंडाबाईनं दांडी धरली. पहिला लाल राक्षस आला. "माफ करा हं, पाहुणं," असं म्हणून तिनं डोळे मिटले आणि चारदा बटण दाबलं. तो फुटला. टिंग! दुसऱ्यालाही ती माफ करा म्हणाली. तिसऱ्याला नुसतं "हं" म्हणाली. मग काहीच म्हणाली नाही. दगड कधी सुटणार हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं एका दगडाखाली चौघांना घेतलं. टिंगटिंग वाजत राहिलं. झुंबर उठून उभा राहिला. दहा हजार झाले, वीस झाले. पाडसं कधीच पाण्यावर सोडली होती, पण कोंडाबाईनं दांडी सोडली नाही. सत्तर हजारांना तिचा शेवटचा माणूस मेला तेव्हा ती म्हणाली, "आणखी एकदा लावा."

पाणी सगळ्यांना मिळालं. कोल्हाही पोटभर प्यायला. बिल्ला कोंडाबाईच्या गळ्यात आला.

चार दिवसांनी ती घोरपडीचं फुटलेलं अंगण लिंपायला गेली. तिनं भिंत नीट केली, टेकू ठोकून पाहिला.

"तुम्ही म्हणे पेटीत दीडशे जणांना फोडलंत?" घोरपडीनं विचारलं.

"दोनशे अकरा."

"वाईट नाही वाटलं?"

कोंडाबाईनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"पहिल्या दोघांचं वाटलं," ती म्हणाली.

घोरपड अंग चोरून भिंतीला सरकली, आणि कोंडाबाईला वाट दिली.

तात्पर्य: ज्याला खणता येते त्याने खेळ जरूर शिकावा. ज्याला खेळ येतो त्याने खणण्याच्या भानगडीत पडू नये, शेपटी जाते. आणि पाणी कुठेही लागो, प्यायला गुण लागतात.